उणीव की संसर्ग?

प्रत्येक रोगाच्या मुळाशी एखादा जंतू असावयाचाच, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. शरीरात पुरेशी जीवनसत्त्वे असली, की कोणताही विषाणू बाधत नाही, ही दुसरी. पहिली अपुरी आहे. दुसरी घातक होय.

पहिलीने शास्त्रज्ञांनाही चकविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आइकमन हे बेरीबेरीचा जंतू शोधीत होते. सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्या आजारी पडतात व कोंडा न काढलेला तांदूळ दिल्यास बऱ्या होतात, असे त्यांना आढळले. कोंड्याबरोबर एक आवश्यक द्रव्य नाहीसे होत होते, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. अशा उणिवेवरचा उपाय ताटातच शोधावा लागतो. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये 1933 साली मोठ्या प्रयासाने प्रवेश मिळविणाऱ्या कमला सोहोनी यांनी तेथे दूध व कडधान्ये यांतील प्रथिने अभ्यासिली आणि पुढे मुंबईत नीरेचे पोषणमूल्य तपासले, ते याच दिशेने.

विषाणूची गोष्ट निराळी. 1957 साली त्याच राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली व आसपासची माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागील विषाणू हुडकून काढला. तो गोचिडीच्या दंशाने माणसात शिरतो; धडधाकट मनुष्यही त्यातून सुटत नाही.

मग विषाणू मुळात आले कोठून? पेशीतून निसटलेले जनुकांचे तुकडे, परजीवी बनून क्षीण झालेल्या पेशी, की पेशींच्याही आधीच्या सृष्टीचे अवशेष, असे तीन तर्क मांडले जातात. निर्णय झालेला नाही. मात्र शरीरातील उणिवेतून ते उपजत नाहीत, हे निश्चित. अ जीवनसत्त्व कमी असलेल्या बालकात गोवर अधिक उग्र होतो, हे खरे. परंतु गोवराचा विषाणू बाहेरूनच येतो.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. क्यासनूरचा ताप 2016 साली सिंधुदुर्गातही फैलावला. काजूच्या बागेत जाणाऱ्या मजुराने जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर विसंबून अंगभर वस्त्रे व गोचीड-प्रतिबंधक तेल टाळणे, हे प्राणाशी खेळणे होय. रातांधळेपणा जडलेल्या बालकासाठी जंतूचा शोध घेत बसणे, हेही तितकेच घातक. रोग दिसताच पहिला प्रश्न हाच विचारावा: शरीरात काय कमी पडले, की काय शिरले?