डीपीशेजारची बॅटरी

छतावरच्या सौर पॅनेलची वीज दुपारी तयार होते आणि घराला ती खरी लागते दिवे लागल्यानंतर. ही तफावत भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक घरात स्वतंत्र बॅटरी. दुसरा, एका रोहित्रावरच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत एका डीपीवरच्या, सगळ्या घरांना मिळून एकच मोठी बॅटरी. दुसरा मार्ग आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियातल्या मॅन्ड्युरा शहरात मेडो स्प्रिंग्ज या वस्तीत २०१८ मध्ये ४२० युनिट साठवणारी बॅटरी बसली. तिच्यातली प्रत्येकी ८ युनिटांची जागा ५२ घरांनी रोज एक डॉलर भाड्याने घेतली. दिल्लीत टाटा पॉवर-डीडीएलने मार्च २०२१ मध्ये राणीबागच्या उपकेंद्रात १५० किलोवॅटची, ५२८ युनिट क्षमतेची सामाईक बॅटरी सुरू केली. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले वडनेर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव आणि भोवतालचा मुलूख कापूस, सोयाबीन, तुरीचा. अशा गावाला ही सोय गरजेची नाही, परवडणारी नाही आणि जमणारी तर नाहीच, असे आक्षेप घेतले जातात. तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष टिकत नाही.

गरज नाही असे म्हणणाऱ्यांचा आधार नेट मीटर हा आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरचे नियम केले आणि २०१९ मध्ये ते नव्याने लिहिले. दुपारी दहा युनिटे तारेत सोडली आणि रात्री दहा घेतली, की बिलात वजाबाकी होऊन खाते बरोबरीत येते. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, त्यामुळे बिल जवळजवळ शून्यावर आणणे पुष्कळांच्या आवाक्यात आले. मग बॅटरीवर पैसा कशाला घालायचा? घराच्या खिशापुरते पाहिले तर हा युक्तिवाद बिनतोड आहे. नेट मीटर आहे तोवर बॅटरीमुळे त्या घराचा एक रुपयाही वाचत नाही, आणि वाचतो असे सांगणारा विक्रेता ग्राहकाची दिशाभूल करतो.

मात्र घराचा हिशेब आणि तारेचा हिशेब एक नाही. नेट मीटर वीज साठवत नाही, फक्त आकडा लिहून ठेवतो. दुपारची वीज त्याच क्षणी शेजारी कुठे तरी वापरली जाते किंवा डीपीतून उलटी वर चढते. रात्रीची वीज मुख्यतः चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत कोळसा जाळून येते. दहा घरांवर पॅनेल असताना याने काही बिघडत नाही. पन्नासांवर आली की बिघडते, आणि वैदर्भीय गावात ते अनपेक्षित मोसमात बिघडते. मे महिन्यात ऊन कडक असते, पण दुपारभर कूलर चालतात. छतावरची बरीचशी वीज घरातच जिरते. खरी अडचण कापूस वेचणीच्या दिवसांत येते. आभाळ निवळलेले, हवा थंड, पॅनेल जोमात. पंखे बंद आणि माणसे सकाळपासून वावरात. कुलूपबंद घरांच्या छतांवरून वीज उतरत राहते आणि तिला गिऱ्हाईक नसते. मग तारेतले व्होल्टेज २३० च्या वर सरकत जाते आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. ऊन भरपूर, पॅनेल धड, तरी उत्पादन शून्य. बहुधा डीपीपासून सर्वांत लांबच्या घराला ही झळ आधी बसते आणि त्या घरचा माणूस पॅनेल बसवणाऱ्याला दोष देत बसतो.

२०१९ च्या नियमांनी म्हणूनच एका रोहित्रावरच्या छत-संचांची एकूण क्षमता साधारणपणे रोहित्राच्या ७० टक्क्यांपर्यंत ठेवली. १०० केव्हीएच्या डीपीवर तीन किलोवॅटचे २३ संच बसले की मर्यादा भरली. चोविसाव्याने काय करायचे? केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनी उत्तर दिले आहे: १० किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर समजायचा आणि ५ किलोवॅटपर्यंत यंत्रणा बळकट करण्याचा खर्च वितरण कंपनीने सोसायचा. चोविसाव्याची अडचण सुटली. ती आता महावितरणच्या खर्चात शिरली आहे, म्हणजे पुढेमागे सगळ्यांच्या वीजदरात उतरणार आहे. डीपी मोठी करणे हा यावरचा सरळ उपाय, पण मोठी डीपी जादा वीज फक्त वर ढकलते. डीपीशेजारची बॅटरी ती दुपारी पोटात घेते आणि संध्याकाळी त्याच तारांवर सोडते. डीपीवर दोन्ही वेळचा ताण कमी होतो, हे काम मोठ्या डीपीला जमत नाही.

दुपारचे आणि संध्याकाळचे युनिट एकाच मोलाचे, ही नेट मीटरमागची समजूतही आता सैल होत आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांतला दर किमान २० टक्क्यांनी कमी ठेवण्यास सांगितले. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत लागू झाली. वीज बाजारात उन्हाच्या तासांत दर बराच उतरतो, तर टंचाईच्या महिन्यांत संध्याकाळी तो १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. स्वस्त युनिट घेऊन महाग युनिट परत देणारी नेट मीटरची अदलाबदल ही खरे तर महावितरणने, पर्यायाने पॅनेल नसलेल्या ग्राहकांनी, दिलेली सवलत आहे. त्यामुळे बॅटरीचे खरे गिऱ्हाईक पॅनेलवाले घर नसून महावितरण आहे. सामाईक बॅटरीच्या बाजूने बोलणारे हे क्वचितच स्पष्ट सांगतात; ग्राहकाच्या स्वावलंबनाचे गोड चित्र रंगवणे त्यांना सोपे जाते.

आता पैशाची बाजू. २०२२ मध्ये सेकी या केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या निविदेत दोन तासांच्या बॅटरीचा दर मेगावॅटमागे महिना १०.८३ लाख रुपये निघाला होता. मार्च २०२४ मध्ये गुजरातच्या निविदेत तो ४.४९ लाखांवर आला आणि २०२५ मध्ये, केंद्राच्या अर्थसाहाय्यासह, सव्वादोन लाखांच्या आसपास उतरला. एक मेगावॅट दोन तास म्हणजे २,००० युनिटे. रोज एकदा भरून रिकामी केली तर महिन्याला ६०,०००. त्या हिशेबाने साठवणुकीचा खर्च युनिटमागे १८ रुपयांवरून पावणेचार रुपयांच्या आसपास आला. हे दर मोठ्या प्रकल्पांचे आहेत. १०० युनिटांच्या गावठी बॅटरीला ते मिळणार नाहीत हा आक्षेप रास्त आहे. खर्च दुप्पट धरला तर १०० युनिटांना महिना सुमारे २२,००० रुपये, म्हणजे युनिटमागे सव्वासात रुपयांच्या वर, आणि भरण्या-सोडण्यात वाया जाणारी सुमारे १५ टक्के वीज वेगळी. निव्वळ वीज विकण्याचा धंदा म्हणून हे आज आतबट्ट्याचे ठरू शकते. पण डीपी बदलण्याचा टळलेला खर्च, बंद पडणाऱ्या इन्व्हर्टरांमुळे बुडणारे उत्पादन आणि संध्याकाळची दहा रुपयांची खरेदी हे तिन्ही एकाच बाजूला मांडले, की पारडे हलते. जिथे हे तिन्ही नाहीत, जिथे डीपीवर चारच पॅनेल आहेत, तिथे बॅटरी बसवणे उधळपट्टी होय.

मग घरोघरी बॅटरी का नको? विदर्भात इन्व्हर्टर-बॅटरी नवी नाही. १५० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी, तिच्यात अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालणे आणि चार-पाच वर्षांनी जुनी देऊन नवी आणणे हे अनेक घरांच्या अंगवळणी पडले आहे. तिच्यात कागदावर १.८ युनिटे मावतात. आयुष्य जपायचे तर त्यातली निम्मीच वापरायची. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हजारो फेरे टिकते, पण ती घेणारे घर आपल्या सर्वांत मोठ्या गरजेच्या मापाने घेते. लग्नाला गावी गेलेल्या घराची बॅटरी भरलेलीच पडून राहते, शेजारच्या घरची आठ वाजता संपते. सगळी घरे एकाच वेळी कमाल वापर करत नाहीत, म्हणून सामाईक बॅटरी घरगुती बॅटऱ्यांच्या बेरजेपेक्षा लहान असली तरी पुरते. शिवाय वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. एका डब्याला सावली, वातानुकूलन आणि अग्निसुरक्षा देता येते. कवेलूच्या पन्नास घरांतल्या पन्नास बॅटऱ्यांना ती कोण देणार?

सर्वांत वजनदार आक्षेप माणसांविषयीचा आहे: सामाईक म्हणजे कुणाचेच नाही. त्याला दाखले मजबूत आहेत. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था १९७० च्या दशकापासून वीज वाटत होती. थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ च्या सुरुवातीला परवाना संपून कारभार महावितरणकडे गेला. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईत २०१४ मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचे सौर सूक्ष्मजाळे गाजावाजात सुरू झाले. सरकारी वीज स्वस्तात आली, गिऱ्हाईक तिकडे वळले, बॅटऱ्या काही वर्षांत निकामी झाल्या आणि प्रकल्पाची वास्तू गुरांच्या गोठ्यासारखी वापरली जाऊ लागली. याउलट पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात दरेवाडी या वीज न पोचलेल्या वाडीत ग्रामऊर्जा या कंपनीने २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचा संच आणि सामाईक बॅटऱ्या बसवल्या. तिथे गावच्याच विश्वस्त मंडळाने मीटरप्रमाणे पैसे गोळा केले आणि त्यातून बॅटरी बदलण्याची तजवीज ठेवली.

या दाखल्यांतून सामाईकपणा वाईट असे निघत नाही. धरनई सरकारी तारेशी स्पर्धा करायला गेली आणि हरली. मुळा-प्रवरेने वसुलीसकट वितरणाचा अख्खा संसार अंगावर घेतला. दरेवाडीला प्रतिस्पर्धी नव्हता, आणि वाडी लहान होती. वडनेरमध्ये तार आहे, मीटर आहे, बिल आहे. तिथे गावसमितीने बॅटरी चालवावी हा आग्रह भाबडा आहे. बॅटरीतला एखादा भाग मध्यरात्री बिघडला तर समितीचा अध्यक्ष काय करणार? मालकी आणि देखभाल महावितरणची, आणि जागेत वाटा डीपीवरच्या ग्राहकांचा, हीच विभागणी चालण्यासारखी आहे. मेडो स्प्रिंग्जमध्ये तेच झाले. बॅटरी वीज कंपन्यांची, घरांच्या नावावर फक्त आठ युनिटांचे खाते.

वाटा कुणाला, हा प्रश्न मात्र ऑस्ट्रेलियाच्या नमुन्यावर सोडून चालणार नाही. तिथे वाटा पॅनेलवाल्यांना मिळाला. किलोवॅटमागे शंभरेक चौरस फूट बिनसावलीचे छत लागते; कवेलूच्या घराला, भाडेकरूला, भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीला ते कुठून मिळणार? याचे उत्तर महाराष्ट्रात विजेच्या नव्हे, पाण्याच्या क्षेत्रात पन्नास वर्षांपूर्वी सापडले. पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून सुरू झालेल्या विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, कुटुंबातल्या माणसांवर वाटले. भूमिहीनालाही हिस्सा दिला, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाऊ दिला नाही. बॅटरीतही छताच्या मापाने वाटा देण्याचे कारण नाही. दुपारी डीपीवर जादा झालेली वीज गिऱ्हाइकाअभावी वाया जाते. ती साठवली तर तिचा एक भाग कमी दराने पॅनेल नसलेल्या घरांच्या खात्यावर चढवता येतो. सूर्यघर योजनेचे अनुदान छतवाल्यांकडेच जाते ही तक्रार त्याने थोडी तरी कमी होईल.

आणखी एक गैरसमज समर्थकांचा आहे. बॅटरी बसली की वीज जाणार नाही, असे ते सांगतात. छतावरचा साधा सौर संच तार मेली की स्वतःही बंद होतो, कारण खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाला धोका नको. डीपीशेजारच्या बॅटरीलाही तोच नियम लागू आहे. मे-जूनच्या वादळात ती उपयोगी पडायची असेल तर त्या डीपीचे क्षेत्र वरच्या लाइनपासून तोडणारा स्वयंचलित स्विच लागतो. तो असला तरी १०० युनिटांवर ६० घरांना प्रत्येकी ३०० वॅट याप्रमाणे साडेपाच तास मिळतील. त्यात दिवे, पंखे, लहान कूलर चालतील. पाण्याची मोटर लावली की सगळ्यांचा अंधार. गुजरातमधल्या मोढेराला ऑक्टोबर २०२२ मध्ये चोवीस तासांचे सौरगाव म्हणून जाहीर केले गेले. तिथे १,३०० हून अधिक छतांच्या जोडीला ६ मेगावॅटचा जमिनीवरचा प्रकल्प आणि १५,००० युनिटांची बॅटरी आहे, आणि खर्च सरकारी तिजोरीतून झाला. मोढेरा तंत्र सिद्ध करते, अर्थकारण नाही. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्याचे पहिले सौरग्राम ठरली, ती तर घराघरांवरच्या पॅनेलांवर. रात्री तिलाही महावितरणचीच तार लागते.

अडचण कायद्याच्या मजकुरातही आहे. डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय वीज सुधारणा नियमांनी साठवण यंत्रणेला स्वतंत्र स्थान दिले आणि तिच्यातली जागा विकायला किंवा भाड्याने द्यायला मुभा दिली. मात्र घेणारा म्हणून त्या मजकुरात निर्मिती, पारेषण, वितरण करणाऱ्या यंत्रणा गृहीत होत्या, डीपीवरचे घर नव्हते. ग्राहकाच्या वाट्याचा तपशील राज्य आयोगाच्या नियमांतूनच ठरू शकतो. त्यात तीन गोष्टी लिहाव्या लागतील. बॅटरीचे भाडे बिलावर स्थिर आकार म्हणून येईल की वापरल्या युनिटांवर? छतापासून डीपीपर्यंत आणि परत, एवढ्या शे-दोनशे मीटरांच्या प्रवासाला पूर्ण वहन आकार लावायचा का? आणि शंभरातली जी पंधरा युनिटे भरण्या-सोडण्यात जातात, ती पॅनेलवाल्याच्या खात्यातून वजा करायची, वाटेकऱ्यांत विभागायची, की ज्याची डीपी बदलण्यापासून वाचली त्या महावितरणने सोसायची?