जुनी नौका घ्या, पण आधी ऑइल बघा

मे महिना आला की मिरकरवाडा, हर्णे, साखरीनाटे या बंदरांत जुन्या नौकांच्या सौद्यांच्या गोष्टी कानावर येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा विकणाऱ्याला घाई आणि घेणाऱ्याला स्वस्ताची आशा. आम्ही कापडाचे व्यापारी, दर्यावर्दी नव्हे. परंतु ईदचे कापड आम्ही याच लोकांना हंगामाच्या भरवशावर उधार देतो. नौका बंद पडली की आमची वसुलीही बंद पडते. म्हणून या विषयावर बोलण्याचा आमचा हक्क आहे असे आम्ही समजतो.

घेणारा लाकूड ठोकून बघतो, रंग बघतो, जाळी मोजतो. इंजिनाचे ऑइल मात्र कोणी बघत नाही. थान घेताना आम्ही पोत बोटांत चोळतो. ऑइलही तसेच बघावे. इंजिन थंड असताना डिपस्टिक काढावी. ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. ऑइल कूलरची नळी गळत असेल किंवा गॅस्केट गेले असेल. पाणी खारे असेल तर बेअरिंग फार दिवस टिकत नाही. ऑइल पातळ, डिझेलचा वास आणि पातळी खुणेच्या वर असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. याला काहीजण चक्क गुण समजतात, "इंजिन ऑइल पीतच नाही" म्हणतात! आणि ऑइल अगदी नवे कोरे दिसले तर जुना फिल्टर मागावा. तो कापून आतला कागद उलगडला की धातूचे चमचमते कण दिसतात किंवा दिसत नाहीत. सारा सौदा त्या कागदावर लिहिलेला असतो.

मग इंजिन गरम होईपर्यंत चालवून प्रेशरचा काटा बघावा. "काटा फक्त बिघडलाय" असे उत्तर मिळाले तर विचारावे की लाखोंच्या नौकेत एवढीशी वस्तू का बदलली नाही?

आता ज्यांच्याकडे नौका आहे त्यांच्याविषयी. बहुतेकजण ऑइल बदलतात ते ऑगस्टमध्ये, नौका पाण्यात लोटताना. हे उलटे आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, ओलावा आणि आम्ल असते. नौका शाकारून ठेवली की दोन महिने हा माल बेअरिंगवर बसून धातू खातो. ऑइल आणि फिल्टर शाकारण्यापूर्वी बदलावा, आणि नवे ऑइल घालून इंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे ते सगळीकडे पोचते. इंजिन तळाशी बसवलेले, खालचा बोल्ट हाताला लागत नाही, ही सबब नेहमीची. ऑइल कोमट असताना डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढता येते. ओढलेले काळे ऑइल बंदरात ओतू नये. ज्या पाण्यावर पोट आहे त्यात ते घालवू नये.

हंगामात किती तासांनी बदलायचे ते इंजिनाच्या पुस्तकात असते, बहुधा २०० ते २५० तास. रोज १२ तास चालणारी नौका २० दिवसांतच २४० तास भरते. खलाश्यांना हे ठाऊक असते, पण पैसा कोणाचा यावर गाडी अडते. डिझेल, बर्फ, राशन मासळीच्या विक्रीतून आधी वजा होते आणि ऑइल मालकाच्या माथी राहते, अशी रीत बऱ्याच ठिकाणी आहे. मालक मग पुढची फेरी, पुढची फेरी करत राहतो. आमच्या मते ऑइलची रक्कम दर फेरीला तासांप्रमाणे वाटणीआधीच काढून तांडेलाकडे वेगळी ठेवावी आणि वहीत तास लिहावेत. यावर्षी उधारी देताना आम्ही ती वही मागणार आहोत.