नजर खाली, पण कुणाची?

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका शाळेत चित्रं तपासायला गेलो होतो. विषय होता ‘माझी आई’. सातवीतल्या एका मुलीनं आईचा चेहरा पेन्सिलीनं काढला होता. डोक्यावर पदर, नजर खाली. मी बोलून गेलो, “आई फार दुःखी दिसते गं.” ती म्हणाली, “नाई सर, माय काट्याकडं पाहून रायली. कापूस मोजताना लक्ष नाई देलं त मापात मारते.”

मी ओशाळलो. यवतमाळची शेतकरी बाई आणि झुकलेली नजर, म्हणजे दुःखच, हे मी चित्र नीट पाहण्याआधीच ठरवून टाकलं होतं. आत्महत्यांच्या बातम्यांनी आमच्या जिल्ह्याला हाच एक चेहरा चिकटवलाय: हातात नवऱ्याचा फोटो आणि खाली गेलेले डोळे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची नजरही खालीच आहे. तिथं आपण तिला करुणा म्हणतो. नवरीच्या चित्रात तीच नजर लाज होते, बुरख्यातल्या बाईच्या चित्रात दबलेपण, शेतकऱ्याच्या विधवेच्या चित्रात लाचारी. पापणी तशीच झुकलेली असते. अर्थ पाहणारा लावतो.

नजरेचा विषय निघाला की आपल्या समाजातही बोट आधी बाईकडं जातं. सूरह नूर उघडून पाहा. नजर खाली ठेवण्याचा हुकूम 30व्या आयतीत आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर, 31व्या आयतीत. हा क्रम आपण सोयीनं विसरतो. चित्रकाराला तर पाहिल्याशिवाय चेहरा काढताच येत नाही. मग त्यानं नजर खाली ठेवायची म्हणजे काय? मला वाटतं, परवानगी घेऊन काढणं, ती कुठं पाहतेय हे तिलाच विचारणं आणि झालेलं चित्र आधी तिला दाखवणं. हयेचा पहिला भार पाहणाऱ्यावर आहे.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला झालेल्या 92व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीनं घर सांभाळणारी ही बाई भरल्या मांडवासमोर उभी राहून बोलली. तोही याच जिल्ह्याचा चेहरा आहे. तो किती जणांनी रेखाटला?

त्या मुलीला मी सुचवलं होतं, चित्रात काटाही काढ. आता वाटतं, त्याची गरज नव्हती. गरज होती ती मी आधी विचारण्याची.