ओटा आधी आखा, कमान मागून

जालना-भोकरदन रस्त्यावर, पूर्णेच्या काठी केदारखेडा आहे. गावात काय किंवा पंचक्रोशीत काय, जुनी माळवदं उतरवून स्लॅबची घरं उभी राहताहेत. त्यात वाईट काही नाही. दगडमातीच्या भिंती आणि वर जड माळवद असलं की काय होतं, ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला सगळ्या मराठवाड्याने पाहिलं. माझी तक्रार वेगळी आहे. माळवद गेलं ते गेलं, त्याच्यासोबत ओटाही गेला.

नव्या घराचं तोंड आता कसं असतं? दोन जाड खांब, वर कमान, स्टीलचं चकचकीत गेट, आत मोटारसायकल आणि पायरीपर्यंत गुळगुळीत टाईल्स. घरातले आजोबा मात्र शेजारच्या दुकानाच्या फळीवर बसलेले, कारण स्वतःच्या दारात टेकायला जागाच नाही. हे पैसे कमी पडल्याने होत नाही. गेट आणि कमान यांवर जो खर्च होतो, त्यात बहुतेक वेळा चांगला ओटा निघतो. म्हणून घर बांधायला काढलेल्यांना विनंती आहे : दाराचा भाग आधी माणसांसाठी करा, मग गाडीसाठी, आणि शोभा सगळ्यात शेवटी.

घरकुलवाल्यांना हे जास्त लागू आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल स्वयंपाकाची जागा धरून किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचं. वेचणीच्या दिवसांत कापूस घरात आला की त्यातली एक खोली गेलीच. मग पाहुणा बसणार कुठे, पोरं अभ्यास करणार कुठे, उन्हाळ्यात रात्री बाज टाकणार कुठे? एवढ्या घराला ओटा म्हणजे चैन नव्हे, ती दुसरी खोली आहे. बसायचा कट्टा 16 ते 18 इंच उंच ठेवा, म्हणजे पाय जमिनीला टेकतात आणि गुडघे दुखणाऱ्याला हाताचा आधार न घेता उठता येतं. बाज मावायची असेल तर ओट्याची रुंदी साडेपाच-सहा फुटांपेक्षा कमी नको.

आता खरी गोष्ट, जिच्याकडे कोणी बघत नाही : ओट्याखालची माती. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घराच्या भिंतीचा पाया मुरमापर्यंत जातो, पण ओटा म्हटला की पाया खणताना निघालेली तीच काळी माती आत ढकलायची, वर कोबा करायचा आणि फरशी बसवायची. एक-दोन पावसाळ्यांत ओटा भिंतीपासून सुटतो, फटीत पाणी मुरतं, मुंग्या होतात आणि दोष गवंड्याच्या माथी येतो. तसं करू नका. काळी माती पूर्ण काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुमसाने ठोका. जमलं तर एक पावसाळा भरावाला बसू द्या, फरशीची घाई नको. ओट्याचा कोबा घराच्या भिंतीला घट्ट जोडण्यापेक्षा मधे बारीक सांधा ठेवून तो डांबराने भरलेला बरा. दारापासून बाहेरच्या बाजूला चार फुटांना एक इंच ढाळ द्या. फरशी खरबरीत शहाबादी किंवा कोटा घ्या. गुळगुळीत टाईल पावसाळ्यात म्हाताऱ्यांना आडवं करते.

दुसरी गोष्ट वरची. सळई जालन्याची, कारखाने आपल्या उशाला, तरी छज्जे कोसळतात. कारण बहुधा सळईची जागा. एका बाजूने भिंतीत धरलेल्या छज्ज्यात मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, खालच्या नव्हे. कामगार तिच्यावरून चालतात, ती दबून खाली जाते, वरून काँक्रीट पडतं आणि मग कोणाला काही दिसत नाही. स्लॅब टाकायच्या दिवशी स्वतः उभे राहा, दबलेल्या सळया वर उचलून घ्यायला लावा. सेंटरिंग 14 दिवसांच्या आत काढू देऊ नका. छज्ज्याला मागून दाबून धरणारं भिंतीचं काम वर झालेलं नसेल तर त्यानंतरही काढू नका. पत्र्याचं शेड करणार असाल तर पत्रे हुकांनी आवळा. पत्र्यावर दगड ठेवायची सवय वळवाच्या एका वाऱ्यात अंगावर येते.

सावलीचं गणित दिशेवर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या दाराला अडीच-तीन फुटांचा छज्जा पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी निम्म्यावर कललेला असतो आणि ऊन ओट्यावर येतं, ते हवंच असतं. पश्चिमेचं दार मात्र छज्ज्याने सांभाळलं जात नाही. संध्याकाळचं ऊन त्याच्या खालून आत घुसतं आणि पावसाची झडही बहुतेक त्याच अंगाने. तिथे पडवी खोल आणि कडेला उतरती करा, शिवाय समोर कडुनिंब लावा. दारातलं झाड वास्तूला चालत नाही म्हणणाऱ्यांनी मेमध्ये दुपारी चारला तिथे तासभर बसून दाखवावं.

पायऱ्या सहा इंचांहून उंच नकोत, पाय ठेवायची जागा फूटभर तरी हवी. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे दीड फूट जोत्याला 18 फूट. गल्लीत एवढी जागा नसते, तो ओट्याच्या कडेने वळवून घ्या. तेही जमत नसेल तर पायऱ्यांना निदान पाइपाचा कठडा लावा. ओट्याच्या टोकाला पाय धुवायला नळ ठेवा आणि त्याचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारांवर तोडगा काढला, आपल्याला एका नळाचं पाणी जिरवायचं आहे. काळ्या जमिनीत पाणी हळू जिरतं, तेवढा खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या.

जोत्याची उंची ठरवताना रस्त्याकडे बघा. सिमेंट रस्ता दर काही वर्षांनी जुन्यावरच नवा थर टाकून होतो आणि घरं खाली जातात. आजच्या रस्त्यापेक्षा दोन फूट वर राहा. मात्र वाढलेल्या पायऱ्या गल्लीत सोडू नका. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 नुसार रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. मोजणी आणि नमुना आठचा उतारा हाती घेऊन मगच हद्द धरा.

या उन्हाळ्यात बांधकाम काढणार असाल तर फक्कीने आखणी करायच्या दिवशी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, तुम्ही कुठे बसणार ते त्यांना विचारा आणि तेवढी जागा आधी आखून घ्या. मिस्त्री कुरकुर करील, करू द्या.