आरोग्याची खतावणी

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या खिंडीवर नजर ठेवून असीरगड उभा आहे. अकबर बादशहाने तो १६०१ च्या जानेवारीत घेतला. किल्ला पडला कशाने, ह्याविषयी मात्र इतिहासकारांत एकमत नाही. फैजी सरहिंदी लिहितो की, वेढ्याच्या काळात गडावर दोन व्याधी पसरल्या. एकीने माणसे कमरेपासून खाली लुळी पडत, दुसरीने दृष्टी मंद होई. उलटपक्षी जेसुइट पाद्र्यांच्या वृत्तांताप्रमाणे दरवाजे लाचेच्या सोन्याने उघडले, आणि व्हिन्सेंट स्मिथने रोगराईची हकीकत अग्राह्य ठरविली. गडावर माणसे किती होती, आजारी किती पडली, दगावली किती, ह्याची विश्वसनीय मोजदाद असती तर चारशे वर्षे हा वाद उरला नसता. ज्याची नोंद नाही, त्याविषयी केवळ तर्कच करीत बसावे लागते.

रोजकीर्द आणि खतावणी ह्यांवाचून एक दिवसही न चालणाऱ्या आपल्या व्यापारी वर्गास ही गोष्ट सहज पटावी. परंतु पेढीच्या हिशेबात पैचीही चूक खपवून न घेणारे आपण, समाजाच्या आरोग्याच्या हिशेबाविषयी मात्र उदासीन असतो. सरकारचा पाहणीदार दारी आला की, 'मालक घरी नाहीत' असे सांगून त्यास वाटेला लावणे हीच पुष्कळ सुखवस्तु घरांची रीत झाली आहे. ही रीत सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरोग्याची पाहणी म्हणजे काय, हे धान्याच्या व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. शंभर पोत्यांचा माल पारखताना आपण प्रत्येक दाणा पाहात नाही. निरनिराळ्या पोत्यांतून मूठमूठ काढून पाहतो. मात्र तो नमुना केवळ वरच्याच पोत्यांतला असेल, तर सौदा फसलाच म्हणून समजावे. आपल्या देशात १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ह्याच तत्त्वावर चालत आली आहे, आणि २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून तिच्यात जिल्हावार आकडे मिळू लागले. निवडलेल्या घरांपैकी सुखवस्तु घरांनीच दारे लावून घेतली, तर त्या नमुन्याचा तोल बिघडतो. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात न्यून आढळले. सुस्थितीतील घरेही त्यातून सुटलेली नाहीत. 'हे गरिबांचे दुखणे' म्हणून ज्यांनी हात झटकले असते, त्यांना हा आकडा स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहावयास लावतो.

'मोजल्याने का रोग बरा होतो?' असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था स्थापिली. त्यांनी आधी जन्म आणि मृत्यू नेमकेपणाने मोजले. १९९३-९५ मध्ये त्यांच्या ३९ गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी ६२ बालके पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावत होती. कारणे कळल्यावर गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा सुरू झाली, आणि २००१-०३ पर्यंत तो आकडा २५ वर आला. हिशेब मांडला म्हणूनच तूट कोठे आहे हे दिसले, आणि दिसले म्हणूनच ती भरून काढता आली.

आता जे लिहितो ते कटू आहे. पण खतावणीत नावे पडलेली रक्कम खोडता येत नाही. २००१ च्या जनगणनेत जैन समाजाची साक्षरता ९४ टक्के, म्हणजे देशात सर्वांत अधिक भरली. आपण तिचा अभिमान बाळगला, आणि तो योग्यही होता. परंतु त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे आपल्या मुली केवळ ८७० होत्या. त्या वेळी देशाची सरासरी ९२७ होती. २०११ मध्ये ही संख्या ८८९ झाली. सुधारणा झाली, पण तूट भरली नाही. मुंगी चिरडू नये म्हणून पाऊल जपून टाकणाऱ्या समाजास ह्याहून मोठा प्रश्न तो कोणता? एखाद्या घरी दोन मुलगेच जन्मले तर त्यात कोणासही वावगे दिसत नाही. हजारो घरांची बेरीज मांडली म्हणजेच न जन्मलेल्या मुलींची जागा रिकामी दिसते. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा १९९४ साली झाला. परंतु कायद्याआधी आकडा बोलतो, आणि तो ऐकण्याचे धैर्य आपणांस हवे.

म्हणून सभासद बंधुभगिनींस तीन गोष्टी सुचवितो. पाहणीदार आल्यास त्यास बसवून घ्यावे व खरे उत्तर द्यावे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, सांगितली आहे. ती काय फक्त पेढीच्या वहीपुरतीच? दुसरी गोष्ट, घरात मृत्यू घडल्यास एकवीस दिवसांत नोंद करावी, आणि मृत्यूचे कारण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. क्षय किंवा कर्करोग लपविल्याने मृताची प्रतिष्ठा वाढत नाही, जिवंतांचे मात्र नुकसान होते. तिसरी गोष्ट आपल्या पदरच्या माणसांची. आपल्या गोदामांत, केळीच्या बागांत आणि यंत्रमागांवर राबणाऱ्यांत सातपुड्यातील कोरकू, बारेला, भिलाला बांधव आहेत. सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक व्याधीच्या तपासणीची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोल येथे सुरू झाली. त्या तपासणीसाठी मजुरास एक दिवसाची भरपगारी रजा देणे, हे कोणत्याही देणगीफलकाहून मोलाचे दान होय.

असीरगडावर कोण कशाने मेले, ह्याचा निर्णय आता लागणे कठीण. गडाखालच्या आजच्या वस्तीचा हिशेब मात्र अजून आपल्या हातात आहे. दिवाळीला आपण वहीपूजन करतो. त्या दिवशी ह्याही वहीचे स्मरण ठेवावे, आणि तिच्यातील आपल्या नावाचे पान कोरे राहू देऊ नये.