पंचेचाळीस एचपीचा मोह

गाडी घेताना मायलेज, एअरबॅग, बूटस्पेस असे छप्पन्न प्रश्न विचारणारा माणूस ट्रॅक्टर घेताना एकच प्रश्न विचारतो. किती एचपीचा? मीही तेच केलं. हपिसात लागलेली सवय, त्यामुळे आधी एक मस्तपैकी एक्सेल शीट बनवली. अकरा मॉडेल्स, चौदा कॉलम, प्रत्येकाला वेटेज, शेवटी स्कोअर. सगळ्यात वर आला ४५ एचपीचा, गावाकडे सगळ्यांकडे असतो तसला. मी खूश. अण्णा तर त्याहून खूश, कारण त्यांना शीट न बनवताच तोच हवा होता :)

तर थोडी पार्श्वभूमी. संगमेश्वर तालुक्यात आमची पावणेपाच एकर जागा आहे. अण्णा, म्हणजे माझे काका, ती बघतात. एकभर एकर भाताची सपाट जमीन, दोनेक एकर काजू, मधेमधे हापूसची जुनी कलमं, आणि उरलेलं उतारावरचं रान. ऐन, किंजळ, करवंदाच्या जाळ्या, खाली जांभा दगड. अण्णा आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. गवत काढायला माणसं मिळत नाहीत, आणि गवत राहिलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्याची भीती. एकदा आमची वीसेक काजूची झाडं अशीच होरपळली. तेव्हापासून ‘आपला ट्रॅक्टर हवा’ हा विषय घरात आहे. पैसे निम्मे माझे, म्हणून मत द्यायचा अधिकारही निम्मा.

शीट फाडली (म्हणजे डिलीट केली) ती गेल्या मे महिन्यातल्या एका प्रसंगामुळे.

वळवाच्या पावसात एक मोठा ऐन आडवा झाला होता. उभं झाड तोडायला परवानगी लागते आणि आम्हाला तोडायचंही नसतं, पण हा पडलाच होता. तो ओढून वाटेवर आणायला अण्णांनी भाड्याने ट्रॅक्टर बोलावला. चालवणारा विशीतला मुलगा. साखळी त्याने बांधली ती मागे वरच्या बाजूला, जिथे अवजाराचा वरचा दांडा जोडतात तिथे. ‘खाली बांधली की ओंडका जमिनीत रुततो’ असं म्हणाला. गिअर टाकला, ओंडका एका चिऱ्याला अडकला आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं हवेत. हातभर तरी. त्याने क्लच दाबला म्हणून चाकं धपकन खाली आली. तो हसला. अण्णाही हसले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

नंतर वाचून कळलं ते असं. ओढायचं वजन हललं नाही की इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांच्या आसाभोवती ट्रॅक्टरलाच फिरवायला लागतो. साखळी आसाच्या वर बांधली असेल तर ओढ त्याला मदतच करते. खाली, ड्रॉबारला बांधली तर ओढ पुढचा भाग दाबून ठेवायचं काम करते. ट्रॅक्टर मागे उलटतो तो साधारण दीडेक सेकंदात, आणि त्यातल्या पहिल्या पाऊण सेकंदात क्लच दाबला तरच उपयोग. तो मुलगा वाचला तो रिफ्लेक्सवर. या गोष्टीसाठी माझ्या चौदा कॉलमांपैकी एकही कॉलम नव्हता.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. कॅटलॉग बाजूला ठेवला आणि टेप घेऊन जमीन मोजली. पहिलंच माप गडग्यातल्या बेड्याचं. साडेपाच फूट! ४५ एचपीचा ट्रॅक्टर मागच्या चाकांपाशी बाहेरून बाहेर जवळजवळ तेवढाच किंवा जास्तच रुंद असतो. म्हणजे माझा विजेता बागेत शिरणारच नव्हता. (‘गडगा पाडू की’, इति अण्णा.) काजूची लागवड सात-सात मीटरवर, कागदावर ऐसपैस, पण फांद्या दोन्हीकडून येऊन मधे उरते ती बैलगाडीपुरती वाट. आणि वजन. मोठा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास जातो, २४ एचपीचे छोटे टनाच्या आतच असतात. ओल्या तांबड्या मातीवर कलमांच्या मुळांशी कोण फिरलेलं बरं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

मग उतार. फोनमधल्या अ‍ॅपवर मोजला. काजूत १० ते १५ अंश, वरच्या रानात २० च्या पुढे. इथे मात्र छोट्या ट्रॅक्टरचीही परीक्षा आहे, कारण अरुंद म्हणजे उलटायला सोपा. साधं गणित करून बघा. दोन चाकांमधलं अंतर एक मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर धरला, तर आडवा उभा असताना तो सुमारे ४० अंशांना कलंडेल. ४० म्हणजे भरपूर वाटतं ना? आता १५ अंशांच्या उतारावर आडवा चालवा. वरचं चाक २० सेंटीमीटरच्या दगडावर चढलं आणि त्याच क्षणी खालचं चाक तेवढ्याच खड्ड्यात गेलं, की आणखी जवळजवळ २२ अंश वाढले. झाले ३७. हे ट्रॅक्टर जागेवर उभा असताना. चालता असेल तर उरलेले तीन अंश एका हिसक्यात संपतात. गवताखालचे दगड आणि खड्डे दिसत नाहीत, हे वेगळंच.

म्हणून माझं मत असं झालंय की रानात ट्रॅक्टर घालूच नये. कुठलाच. तो सपाट वाटेवर उभा राहील, लाकूड लांब दोराने त्याच्याकडे येईल. वरचं गवत आणि जाळरेषा खांद्यावरच्या ब्रश कटरने. काजूत ट्रॅक्टर चालेल, पण उतारावर उभाच, वर-खाली, आडवा नाही. एवढं ठरलं की मोठ्या ट्रॅक्टरचं उरलेलं कामच इतकं कमी होतं की एचपीचा वाद आपोआप मिटतो. २४ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, आणि ट्रॅक्टर उलटलाच तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान. कंपन्यांच्या भाषेत रोप्स.

या कमानीबद्दल जरा जास्त बोलतो. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर ती १९५९ मध्ये सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू पुढे प्रचंड घटले. अमेरिकेत १९८५ पासून उत्पादकांनी २० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरवर ती आपणहून द्यायला सुरुवात केली. आमच्या पंचक्रोशीत मी एकही कमानीचा ट्रॅक्टर पाहिलेला नाही. कारण विचारलं तर ‘फांद्यांना लागते’. बरोबर आहे, लागते. त्यासाठी मधून दुमडणारी कमान मिळते. फांद्यांखाली दुमडायची, बाहेर आलं की परत उभी करायची. कमान उभी असताना पट्टा बांधायचा म्हणजे माणूस तिच्या आडोशात राहतो, दुमडलेली असताना पट्टा काढून बसायचं. ‘पट्टा बांधायला ते काय विमान आहे?’ असा प्रश्न अर्थातच विचारून झालेला आहे.

बाकी बघायच्या गोष्टी छोट्या आहेत. धुराचं नळकांडं वर उभं नको, फांद्या मोडतात. जाळीत वाळकं गवत अडकून इंजिन तापतं, त्यामुळे जाळी हाताने सहज काढता यायला हवी. तापलेल्या सायलेन्सरवर साचलेलं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रणच. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फेकून द्यायची पद्धत आहे, ती आमच्याकडे चालणार नाही. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. लुंगीचं टोक अडकलं तर ओरडायलाही वेळ नाही.

अण्णांची बाजू मात्र पोकळ नाही. ते म्हणतात, मोठ्याला ट्रॉली लावली की भाडी मिळतात, आणि विकायला काढला तर दोन दिवसांत जातो. खरं आहे. छोट्या फोर व्हीलला आमच्याकडे गिऱ्हाईक कमी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हापासून ‘फरक काय तो उरला’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. पण भाडी मारायला वाहन कोण चालवणार? सदुसष्ट वर्षांचे अण्णा. आणि आम्हाला मोठ्याची खरी गरज वर्षातून चार-पाच दिवस. तेवढ्यासाठी भाड्याचा ट्रॅक्टर आहेच की. फक्त साखळी खाली बांधायची, ही अट मी तोंडावर सांगणार.

असो. पुढच्या शनिवारी डीलरचा माणूस एक छोटा ट्रॅक्टर दाखवायला घेऊन येतोय. फोनवर कमानीचं विचारलं तर म्हणाला, ‘आहे साहेब, पण तुम्ही काढूनच टाकाल, सगळे काढतात.’ बेड्यातून आत घालायचा, काजूत दोन ओळी वर-खाली चालवून बघायचा, एवढंच मी ठरवलंय. अण्णांनी अजून होकार दिलेला नाही. ते त्याला ‘तुझं खेळणं’ म्हणतात. पण काल फोनवर हळूच विचारत होते, त्याच्यामागे गवत कापायचं यंत्र किती फुटी बसतं म्हणून.