आपाची सही आणि आठवा हिस्सा



या सदरात आम्ही दर महिन्याला घरसंसाराच्या गोष्टी लिहितो आणि बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या घरातल्या लिहितो. या वेळी आमच्याच घरातली सांगणार आहोत. सांगताना लाज वाटते. पण आज मुंबईत जुन्या चाळी जिथे जिथे पाडायला निघाल्या आहेत तिथे तिथे हीच गोष्ट घडते आहे. म्हणून झाकून ठेवत नाही.

मदनपुऱ्याजवळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या अब्बांची खोली आहे. दहा बाय अठरा, वर पोटमाळा, समोर सामाईक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचे मिळून संडास. अब्बा गोदीत कामाला होते. १९७१ साली त्यांनी पागडी भरून ही खोली घेतली. पैसे कमी पडले तेव्हा अम्मीने हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण त्याच खोलीत वाढलो. रात्री चटया अंथरल्या की दरवाजा उघडायला जागा उरत नसे. पाहुणे आले की आम्ही मुले गॅलरीत झोपायचो आणि आपा अम्मीच्या पायाशी.

पुढे आम्ही पांगलो. भाईजान आणि भाभी मुलांसह अम्मीजवळ खोलीतच राहिले. आम्हा धाकट्या दोघांपैकी एकाने मीरा रोडला घर केले, दुसऱ्याने कुर्ल्याला. आपा लग्न होऊन मुंब्र्यात, कौशाला गेली. भावोजींचे शिवणकाम, कमाई बेताची. तिचे स्वतःचे घर आजवर झाले नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की नवा मालक, नवे डिपॉझिट आणि टेम्पोत चढवलेले तेच कपाट.

अब्बांचा इंतकाल २००८ मध्ये झाला. भाड्याची पावती भाईजानच्या नावावर करायची होती. मालकाच्या मेहताजीने सगळ्या वारसांचे ना-हरकत पत्र मागितले. आपा आली, सही केली, चहा घेतला आणि मगरिबच्या आधी लोकलने परत गेली. कागद काय आहे हे तिने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

आता इमारत पाडायची ठरली आहे. मुंबई शहरातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या ज्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसतो, त्यांतलीच आमची एक. अशा इमारतीचा पुनर्विकास झाला की राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळते, तेही मालकीचे. म्हणजे अब्बांच्या १८० फुटांच्या खोलीच्या जागी आत संडास-बाथरूम असलेले स्वतःचे घर! बिल्डरच्या वकिलाने एवढेच सांगितले की पुढे भांडण नको, बहिणीचे हक्कसोडपत्र आणून द्या.

आम्ही तिघे भाऊ एका रविवारी कौशाला गेलो. आपाने बिर्याणी केली होती. जेवण झाल्यावर भाईजानने पिशवीतून कागद काढला. आपाने ओढणीला हात पुसले, मुलाच्या दप्तरातून पेन आणले आणि विचारले, “भाईजान, कुठे सही करू?”

ती रागाने बोलली असती तर आम्हाला उत्तर देता आले असते. पण तिने इतक्या सहज विचारले की आमच्यापैकी कोणालाच बोट ठेवून जागा दाखवता आली नाही. भाईजान म्हणाले, “राहू दे, अजून एक पान यायचं आहे.” पान वगैरे काही यायचे नव्हते. परतीच्या गाडीत आम्ही तिघेही खिडकीबाहेर बघत होतो.

त्या आठवड्यात आम्ही दोन ठिकाणी विचारायला गेलो. आधी वकिलांकडे. ते म्हणाले, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. तसा कोणी नसेल तर वारसाला. भाईजान अब्बांसोबत राहत होते, तेव्हा पावती त्यांच्या नावावर होणे कायद्याला धरूनच आहे. ऐकून आम्हाला जरा हायसे वाटले.

मग मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पागडीचे पैसे कोणाचे होते?” आम्ही म्हणालो, अब्बांचे. “आणि आज जे घर मिळतंय ते कशाच्या बदल्यात?” त्याच खोलीच्या. “मग कागद भाईजानच्या नावावर असू द्या. पण अब्बांनी जे मागे ठेवलं त्याचा हिशेब वारसांमध्ये व्हायला हवा. भाईजान तिथे राहिले म्हणून ती एकट्याची कमाई झाली नाही.”

सूरह अन-निसा आपण सगळेच वाचतो. आई-वडिलांनी आणि जवळच्या नातेवाइकांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही आहे, ते थोडे असो की फार, असे त्यात स्पष्ट आहे. ‘थोडे असो’ या शब्दांवर आम्ही कधी थांबलोच नव्हतो. जमीनजुमला असणाऱ्यांनी मीरास वाटावी, चाळीतल्या खोलीत काय वाटायचे, असे आम्ही धरून चाललो होतो.

मौलानांनी कागदावर हिशेब मांडून दिला. अब्बांवर कर्ज नव्हते, वसीयत नव्हती, त्यांचे आई-वडील आधीच गेलेले. बेवा म्हणून अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से मुलांचे, मुलाला दोन आणि मुलीला एक. म्हणजे आम्हा तिघांचे प्रत्येकी दोन, आपाचा एक. एकूण आठ. घर ३०० फुटांचे धरले तर आपाच्या वाट्याला साडेसदतीस चौरस फूट येतात. एक पलंग, एक कपाट आणि जानमाज अंथरण्यापुरती जागा. एवढ्याशा जागेसाठी आम्ही तिच्याकडून दोनदा सही घ्यायला निघालो होतो.

पण पैशात मांडले की ‘एवढीशी’ जागा मोठी होते. घराची किंमत समजा ८० लाख धरली तर आपाचे १० लाख. कौशात स्वतःच्या घराची सुरुवात करायला ते पैसे पुरतात. आणि आमच्या घरातली खरी चर्चा इथूनच सुरू झाली.

धाकट्याने सांगितले की आपाच्या लग्नात आपण सगळ्यांनी खर्च केला आहे, दर ईदला ईदी जाते, आणखी काय द्यायचे? हे आपण सगळेच म्हणतो. पण लग्नात दिलेली भेट ही भेट असते, ती मीरास नसते. आमच्या तिघांच्या लग्नांवरही अब्बांनी खर्च केला होता. तो आमच्या हिश्शातून वजा करा असे कोणी म्हटले नाही.

भाभींचे म्हणणे मात्र हलके नव्हते. त्या म्हणाल्या, “वीस वर्षं मी अम्मींचं करते आहे. रात्री-बेरात्री औषध मी देते. दहा बाय अठरामध्ये तीन मुलं वाढवली. आता चांगलं घर मिळायची वेळ आली तर आमच्या डोक्यावर दहा लाखांचं ओझं?”

आम्ही गप्प बसलो. अम्मी पलंगावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारले, “दुल्हन, तुझ्या अब्बांच्या घराचं काय झालं?”

भाभींचे माहेर भिवंडीचे. वडील गेल्यावर तिथले घर भावांनी विकले. भाभींनी सही करून दिली होती. किती रुपयांना विकले हे त्यांना आजही माहीत नाही. त्या बराच वेळ ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला कोणी विचारलंच नाही.”

वाचकहो, आम्हाला या सगळ्यात जे दिसले ते एवढेच. आपण समजतो की बहिणीचा हिस्सा ठेवून घेतला म्हणजे आपल्या घरात भर पडली. पण त्याच घरातली बायको स्वतःचा हिस्सा कुठेतरी सोडून आलेली असते. एका दाराने आपण बहिणीचे आत ओढतो आणि दुसऱ्या दाराने बायकोचे बाहेर जाते. शहरात घर घेणे इतके अवघड झाले असताना प्रत्येक घराने मुलींचा हिस्सा दिला असता तर तो कुठल्या ना कुठल्या घराच्या डिपॉझिटला, हप्त्याला, मुलीच्या फीला उपयोगी पडला असता.

आणि ‘बहिणीने खुशीने सोडले’ हेही जरा तपासून पाहावे. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, आजारपणात भाऊ येणार नाहीत, मुलीच्या निकाहला मामा उभे राहणार नाहीत, ही भीती पोटात ठेवून केलेली सही खुशीची कशी म्हणायची? आधी हिस्सा किती आहे ते तिला सांगावे, तिच्या हातात द्यावा. त्यानंतर तिने भावाला काही परत दिले तर ती खुशी.

आम्ही काय केले? घराचे आठ तुकडे करता येत नाहीत. घर भाईजानचेच राहील, कारण अम्मी त्यांच्याजवळ आहेत. बिल्डरशी होणाऱ्या करारात भाईजानबरोबर अम्मींचेही नाव घालायचे ठरले. बांगड्या त्यांच्या गेल्या होत्या, हे आम्ही भावांनी पहिल्यांदा मोठ्याने म्हटले. ताबा मिळेल त्या वर्षीच्या रेडी रेकनरच्या दराने किंमत धरायची आणि आपाचा आठवा हिस्सा तीन वर्षांत द्यायचा, असा कागद करून चौघांनी सह्या केल्या. आम्ही दोघा धाकट्यांनी आपापल्या हिश्शाची घाई न करण्याचे कबूल केले. अम्मींची सेवा भाभींनी केली, त्याचा विचार आम्ही आमच्या वाट्यातून करू. आपाच्या वाट्यातून नाही. धाकटा अजून पूर्ण राजी नाही. सही त्याने केली, पण त्या दिवशी जेवायला थांबला नाही. हेही लिहिले पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल.

ज्यांच्या चाळीत अशी योजना आली आहे त्यांना अनुभवाने दोन-तीन गोष्टी सांगतो. जुन्या पावत्या, पागडीचा कागद, रेशनकार्ड एका ठिकाणी ठेवा. बिल्डरशी होणारा करार नोंदणी केलेलाच असू द्या, आणि घर तयार होईपर्यंतचे भाडे किती व कोणत्या तारखेला मिळेल हे त्यात लिहून घ्या. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी बहिणीला ते वाचून दाखवा, नव्हे, तिच्याच हातात द्या. प्रत्येक घराचे वारस वेगळे, हिशेब वेगळा. म्हणून वकील आणि जाणकार आलिम दोघांनाही विचारा. आणि वाटणी अम्मी-अब्बांच्या इंतकालनंतर लगेच करा. वर्षे गेली की हक्काची मागणी भांडणासारखी वाटू लागते.

पुन्हा कौशाला गेलो तेव्हा आपाने कागद दोनदा वाचला. मग विचारले, “भाईजान, खरंच?” भाईजान म्हणाले, “तुझंच आहे, उशीर आम्ही केला.” तिने पेन घेतले. या वेळी कुठे सही करायची ते तिने विचारले नाही. स्वतःचे नाव शोधून त्याच्यापुढे केली.

अल्लाह आपल्या सगळ्यांना हक्क ओळखण्याची आणि वेळेवर देण्याची तौफीक देवो. आमीन.